छोट्यांचा शाळेचा डबा: नाशिकच्या पालकांना पडणारे प्रश्न

नाशिकमधल्या बालवाडीच्या आणि पहिली-दुसरीच्या मुलांसोबत मी बरीच वर्षं मधल्या सुट्टीत सतरंजीवर बसले आहे. डब्यांची झाकणं उघडून दिली, सांडलेली उसळ पुसली, न खाल्लेल्या पोळ्या परत दप्तरात जाताना पाहिल्या. जूनमध्ये शाळा उघडली की आई, बाबा, आजी असे सगळे साधारण हेच प्रश्न घेऊन येतात. उत्तरं तीन ते आठ वर्षांच्या निरोगी मुलांना धरून लिहिली आहेत. मुलाला मधुमेह, ॲलर्जी किंवा वजनाची मोठी अडचण असेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेला आहारच पाळा.

डब्यात किती द्यायचं? माझ्या अंदाजाने दिलं तर निम्मं परत येतं.

बहुतेक घरांतून जास्तच येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला अख्ख्या दिवसात साधारण १३६० किलोकॅलरी आणि १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ७ ते ९ वर्षांच्या मुलाला १७०० किलोकॅलरी आणि २३ ग्रॅम. डब्याच्या वाट्याला यातला चौथा हिस्सा आला तरी पुरे. म्हणजे तूप लावलेल्या दोन लहान पोळ्या, तीन-चार चमचे भाजी आणि सुपारीपेक्षा थोडा मोठा शेंगदाण्याचा लाडू. एवढंच. मोठ्यांच्या हाताने लाटलेल्या तीन पोळ्या चार वर्षांच्या मुलासमोर ठेवल्या की ते त्या ढिगाकडे बघूनच डबा बंद करतं. थोडं कमी द्या. डबा रिकामा येऊ लागला की मग वाढवा.

डबा रोज जसाच्या तसा परत येतो. घरी तर तीच भाजी आवडीने खाते. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

घरी तुम्ही घास तोडून देता, भाजी लावून देता, कधी भरवताही. शाळेत हे सगळं तिला एकटीला करायचं असतं, तेही पंधरा-वीस मिनिटांत, आणि त्यातच हात धुणं, रांग, मैत्रिणीशी बोलणं आलं. मी बघते, तर डबा परत जाण्याचं कारण चव क्वचितच असते. क्लिपचं झाकण बोटांना उघडत नाही आणि बाईंना सांगायची लाज वाटते. पोळी गार होऊन चिवट झालेली असते, ती एका हाताने तुटत नाही. भाजीत पातळ रस असतो, तो युनिफॉर्मवर सांडेल याची भीती असते. शेवग्याची शेंग, काट्याचा मासा, बियांची सीताफळं हे खायला वेळ लागतो. आणि कधी कधी छोट्या सुट्टीत बिस्किटाचा अर्धा पुडा खाऊन झालेला असतो, त्यामुळे मोठ्या सुट्टीत भूकच नसते.

एखाद्या रविवारी हे करून बघा. सकाळी आठला डबा भरा, झाकण लावा आणि बाजूला ठेवा. अकरा वाजता मुलाला जमिनीवर बसवा, डबा पुढ्यात द्या आणि तुम्ही लांब बसा. मदत करू नका, ‘खा’ म्हणू नका. पंधरा मिनिटांत काय होतं ते नुसतं पाहा. झाकण उघडतं का, कुठला पदार्थ आधी उचलला जातो, कुठे अडतं, सगळं कळतं. गार झालेलं अन्न तुम्हीही एक घास चाखा. माझ्या ओळखीच्या घरांत या एका प्रयोगाने जितका फरक पडला, तितका नव्या पाककृतींनी पडला नाही.

त्यानंतर पोळीची गुंडाळी करून तिचे तीन तुकडे करा, किंवा छोट्या पुरीएवढ्या पोळ्या करा. भाजी कोरडी ठेवा. आप्पे, मुटके, कोथिंबीरवडी, छोटे थालीपीठ, धिरड्याची गुंडाळी असे एका हातात मावणारे पदार्थ लहान मुलं पटकन संपवतात. डब्यात दोनच कप्पे असले तरी चालतं. पाच कप्प्यांचे डबे दिसायला छान, पण तीन वर्षांचं मूल त्यात गोंधळून जातं.

पोळी अकरापर्यंत मऊ राहावी यासाठी काय करावं?

कणीक कोमट पाण्यात किंवा दुधात जरा सैल भिजवा आणि अर्धा तास मुरू द्या. दुधात भिजवलेल्या दशम्या तर दुसऱ्या दिवशीही मऊ असतात. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला त्याच नेत. भाजताना आच मोठी ठेवा, मंद आचेवर पोळी वाळते. तव्यावरून उतरली की तूप लावा आणि वाफ निघून जाईपर्यंत, साधारण पाचेक मिनिटं, सुती फडक्यात ठेवा. गरम पोळी थेट डब्यात कोंबली की झाकणाला पाणी धरतं आणि खालची पोळी चिकट होते. भाजीचंही तसंच.

नाचणी द्या असं सगळे सांगतात. पण माझा मुलगा भाकरीला हातही लावत नाही.

नाचणी म्हणजे आपल्या जिल्ह्यातली नागली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगराळ भागात ती पिढ्यान् पिढ्या पिकते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि शहरात तिचा गाजावाजा झाला, पण तिकडच्या घरांत ती रोजचीच होती. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गहू-तांदळात याच्या जवळपासही नसतं. वाढत्या हाडांसाठी, विशेषतः दूध न पिणाऱ्या मुलांसाठी, ती मोलाची आहे.

गार भाकरी मात्र मुलाच्या डब्यात देऊ नका. ती कडक होते, घशाखाली उतरत नाही. त्याऐवजी तीन वाट्या कणकेत एक वाटी नागलीचं पीठ मिसळा. पोळीचा रंग थोडा बदलतो, चव फारशी नाही. किंवा पीठ ताकात भिजवून, जिरं आणि बारीक कांदा घालून घावन काढा. खमंग भाजलेल्या पिठाचे तूप-गुळातले छोटे लाडूही चालतात. नागली भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळली तर आणखी चांगलं. मोड आल्यावर तिच्यातलं लोह आणि कॅल्शियम अंगी लागायला अडथळा आणणारी द्रव्यं कमी होतात. बाळासाठी सत्त्व करताना आपल्या आज्या हेच करायच्या.

द्राक्षांच्या दिवसांत रोज डब्यात द्राक्षं दिली तर चालतील का?

चालतील, पण कापून. हे मी प्रत्येक पालकसभेत सांगते आणि इथेही जोर देऊन लिहिते आहे.

जानेवारी ते एप्रिल नाशिकमध्ये द्राक्षं घराघरांत असतात. निफाड-दिंडोरीकडचे नातेवाईक पेटीच आणून देतात. आपल्याला त्यात धोका वाटत नाही. पण अख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि दाबलं की आकार बदलणारं असतं, त्यामुळे लहान मुलाच्या श्वासनलिकेत ते बुचासारखं घट्ट बसू शकतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला द्राक्ष उभं चिरून चार फोडी करूनच द्या. आडवं कापलं तर गोल चकतीच राहते, तिचा उपयोग नाही. बी असेल तर काढा. चिरलेल्या फोडींवर लिंबाचे दोन थेंब टाकले की त्या ताज्या राहतात.

याच कारणाने अख्खे शेंगदाणे, अख्खे काजू-बदाम, फुटाणे, गोल गोळ्या आणि पॉपकॉर्न या वयात डब्यात नकोत. दाण्याचा कूट, लाडू, चटणी या रूपात द्या. बोरं आणि जांभळं घरी, तुमच्या समोर. गाजर कच्चं द्यायचं तर किसून, नाहीतर वाफवून. आणि रिक्षात किंवा व्हॅनमध्ये बसल्यावर काहीही खायचं नाही हा नियम रिक्षावाल्या काकांनाही सांगून ठेवा. धक्के बसत असताना, हसता-खिदळता घास अडकण्याची भीती सगळ्यात जास्त असते आणि काकांचं लक्ष रस्त्यावर असतं.

बागेत फवारण्या होतात, तेव्हा घड भांड्यात बुडवून लगेच काढू नका. मणी सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

द्राक्षं संपली की थांबू नका. पावसाळा सरता-सरता सीताफळ येतं, त्याचा बिया काढलेला गर घरी द्या. थंडीत पेरू आणि सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी. सटाण्याकडचं डाळिंब तर डब्यासाठी फार सोयीचं, फक्त तीन-चार वर्षांच्या मुलाला दाणे चमच्याने, सावकाश खायला शिकवा.

आम्ही अंडं खात नाही. प्रथिनं पुरतील का?

पुरतील. वर सांगितलेले १६ ग्रॅम फार मोठा आकडा नाही. ४० ग्रॅम बेसनाच्या धिरड्यात साधारण ८-९ ग्रॅम प्रथिनं येतात, २० ग्रॅम शेंगदाण्यांच्या लाडवात ५ ग्रॅम. मुगाचं धिरडं, कोरडी मटकीची उसळ, डाळ-तांदळाचे आप्पे, पिठात थोडं भाजणीचं किंवा हरभऱ्याचं पीठ, यातलं एक रोज असलं की झालं. धान्य आणि डाळ एकत्र आली की प्रथिनांचा दर्जा सुधारतो. आपलं वरण-भात, थालीपीठ, खिचडी याच धर्तीवर आहेत. प्रथिनांची पावडर निरोगी मुलाला लागत नाही.

अंडं खाणाऱ्या घरांनी जरूर द्यावं, एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. काही शाळांत डब्यात अंडं चालत नाही, आधी विचारून घ्या.

रात्रीच्या भाताचा फोडणीचा भात सकाळी डब्यात देते. बरोबर आहे ना?

रात्री भात ओट्यावर तसाच राहिला असेल तर देऊ नका. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी कितीही कडक फोडणी दिली तरी ते विष जात नाही. उलट्या, पोटदुखी यांची सुरुवात अनेकदा इथून होते. भात उरणार असं दिसलं तर पसरट ताटात गार करून तास-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी वाफ येईपर्यंत पूर्ण गरम करा. फोडणीची पोळी त्यामानाने सुरक्षित आणि मुलांना आवडतेही.

मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे. डब्यात काय बदल करू?

आधी डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध नियमाने द्या. नुसत्या आहाराने कमतरता लवकर भरून निघत नाही. हा प्रश्न घरोघरी आहे: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची देशातली सुमारे ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली.

डब्यापुरतं सांगायचं तर मेथी-पालकाचे ठेपले किंवा पुऱ्या, कोरडी उसळ, तीळ, अळिवाचे लाडू हे चांगले. सोबत लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा हवाच, कारण क जीवनसत्त्वामुळे भाज्या-डाळींतलं लोह नीट शोषलं जातं. चहामुळे उलट होतं. अजूनही कितीतरी घरांत पाच वर्षांच्या मुलाला सकाळी चहा-पोळी दिली जाते, ती बंद करा. भाजीसाठी लोखंडी कढई काढा, पण शिजल्यावर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात घ्या.

बिस्किटं, केक, ज्यूस पूर्ण बंद करायचे का? आणि गूळ चालेल ना?

रोजच्या डब्यातून बंद. वाढदिवस, सण याला खाऊ द्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. पाच वर्षांच्या मुलासाठी ती साधारण ३४ ग्रॅम होते, म्हणजे सात चमचे, आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी बरं. यात सकाळच्या दुधातली पावडर, शिरा, सॉस सगळं मोजायचं. गुळाला आपण मोकळीक देतो, पण शरीरासाठी आणि दातांसाठी तीही साखरच. लाडू छोटा वळा.

पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पुढे ‘नाचणी’ लिहिलेल्या बिस्किटाच्या यादीत पहिला शब्द मैदा असेल तर ते मैद्याचंच बिस्किट. दुधात घालायच्या पावडरींचंही सांगते: एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली दाखवू नका असं कळवलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही.

शाळेच्या गेटवर वेफर्स, गोळ्या मिळतात. आम्ही काय करणार?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. हे पालकसभेत मांडा. एकट्याने विक्रेत्याशी वाद घालू नका. त्याचं पोट त्यावर आहे. शाळेने त्याला उकडलेलं मक्याचं कणीस किंवा भेळ विकायला सुचवलं तर कितीतरी वेळा तो तयार होतो.

तो नवीन काहीच खात नाही. फक्त नूडल्स मागतो.

नवीन पदार्थ मुलाला ओळखीचा वाटायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण तिसऱ्या वेळी हात टेकतो. डबा ही नवीन पदार्थाची पहिली जागा नव्हे. शाळेत आधीच आवाज, घाई, अनोळखी चेहरे असतात. नवीन भाजी रात्री घरी, तुमच्या ताटातून, एक घास. डब्यात नेहमीच्या पोळीशेजारी तिचा एक चमचा. खाल्लं नाही तर रागवू नका, लाचही देऊ नका.

नूडल्सऐवजी शेवयांचा उपमा, त्यात मटार-गाजर. थंडीत मटार आणि सोलाणे स्वस्त आणि गोड असतात, मुलांना सोलायला बसवा. जे स्वतः सोललं ते खाल्लं जातं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दोघेही नोकरी करतो. सकाळी सहाला उठून हे सगळं कसं जमवायचं?

सगळं सकाळी करायचंच नाही. बुधवारी गोदाकाठच्या बाजारातून किंवा तुमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून आठवड्याची भाजी आणली की त्या रात्री मेथी निवडून, घेवडा-गवार मोडून, गाजर किसून डब्यांत भरा. रविवारी एका आठवड्याचं धिरड्याचं कोरडं पीठ मिसळा: दोन वाट्या बेसन, एक वाटी नागली, एक वाटी तांदळाचं पीठ, ओवा, तीळ. सकाळी फक्त पाणी, मीठ आणि कोथिंबीर. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. एका घरातला आठवडा असा असतो: सोमवारी पोळी आणि भेंडी, मंगळवारी मटकी घालून आप्पे, बुधवारी मेथीचे ठेपले, गुरुवारी धिरडं, शुक्रवारी पोळीची गुंडाळी आणि बटाट्याची काचरी, शनिवारी भाजणीचं थालीपीठ. दर आठवड्याला तेच. मुलांना त्याचा कंटाळा येत नाही, उलट ‘आज गुरुवार, आज धिरडं’ असं ती आनंदाने सांगतात. कंटाळा आपल्याला येतो.

आणि हे काम एकट्या आईचं धरू नका. बाबांनी रात्री डबा-बाटली धुऊन ठेवली, आजोबांनी दाणे सोलले की सकाळचा निम्मा भार उतरतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. तुमच्या शाळेत तो पाळला जात असेल तर मुलाला घरूनच काहीतरी खाऊन पाठवा. रिकाम्या पोटी आलेलं मूल पहिल्या तासालाच पेंगतं.

शाळेत पोषण आहार मिळतो. मग डबा लागतो का?

जेवणाचा डबा लागत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या जेवणातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. सोबत फळाची फोड किंवा राजगिऱ्याचा लाडू दिलात तर उत्तम.

वर्गात मुलं एकमेकांचा डबा खातात. ॲलर्जीचं काय?

आपल्या स्वयंपाकात दाण्याचा कूट कुठे नसतो! साबुदाण्यापासून भरल्या वांग्यापर्यंत सगळीकडे. मुलाला शेंगदाणे, दूध, गहू किंवा आणखी कशाची ॲलर्जी असेल तर वर्गशिक्षिकेला लेखी द्या, औषध कुठे आहे ते सांगा आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. मुलालाही एक वाक्य शिकवा: ‘मला हे चालत नाही, मी माझंच खाणार.’ ज्यांना ॲलर्जी नाही त्यांनी वाटून खावं, मला ते फार आवडतं. दुसऱ्याच्या डब्यातल्या कशालाही ‘शी’ म्हणायचं नाही, एवढं मात्र घरीच शिकवा.

मार्च-एप्रिलच्या उन्हात काय टाळावं?

दही घातलेले पदार्थ, ओलं खोबरं, पनीर, अंडं आणि मेयोनीज. बत्तीस अंशांच्या वर हवा गेली की असं अन्न तासाभरातच खराब होऊ लागतं आणि नाशिकचा एप्रिल चाळिशीला टेकतो. कोरडी भाजी-पोळी, दशमी-चटणी, ठेपला द्या. पाण्याची बाटली मोठी, आणि त्यात सरबत नको, साधं पाणी.

स्टील, प्लास्टिक, फॉईल की कागद?

स्टील. गरम अन्न प्लास्टिकमध्ये भरू नका. फॉईलपेक्षा सुती रुमाल बरा, तोच मुलाला पुढ्यात अंथरता येतो. वर्तमानपत्रात पोळी किंवा भजी अजिबात गुंडाळू नका, छपाईची शाई अन्नात उतरते.

डबा धुतला तरी वास येतो.

झाकणातली रबरी रिंग काढून धुता का? वास तिथेच असतो. खाचेत साचलेली हळद आणि तेल जुन्या टूथब्रशने घासा, रिंग कोमट पाण्यात खाण्याच्या सोड्यात अर्धा तास बुडवा, रात्रभर झाकण उघडं ठेवा आणि शनिवारी डबा उन्हात वाळवा. रिंग सैल किंवा काळी पडली असेल तर भांड्यांच्या दुकानात सुटी मिळते का पाहा. नेताना झाकण सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात.